डबा रोज शाळेतच राहतो

गेल्या अंकातल्या एका उत्तरात मी 'एडीएचडी' हा शब्द वापरला आणि जागा संपली म्हणून तसाच सोडून दिला. तसं करायला नको होतं, हे या महिन्याच्या टपालावरून कळलं. मराठीत याला अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता म्हणतात. पण गेली ३२ वर्षं माझ्या कराडच्या दवाखान्यात येणारे आईवडील 'एडीएचडी'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ. आज हीच चार पत्रं.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत जातो. आम्ही इचलकरंजीला राहतो, मिस्टरांचे यंत्रमाग आहेत. मुलगा चालायला लागला तेव्हापासून पळतोच आहे. डबा रोज शाळेतच राहतो. या वर्षात तीन डबे, दोन बाटल्या आणि एक रेनकोट हरवला. पाढे तोंडपाठ आहेत, पण पेपरात अधिकची खूण न बघता वजाबाकी करून येतो. बाई रोज डायरीत तक्रार लिहितात. मोबाईलवर मात्र तासभर हलत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही असाच होता, लग्नानंतर सुधारला. मिस्टर म्हणतात, तू लाडावून ठेवलंस, दोन फटके दिले की सरळ होईल. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एडीएचडी आहे असं सांगून मिथाइलफेनिडेट नावाची गोळी लिहून दिली. पंधरा दिवस झाले, चिठ्ठी कपाटातच आहे. गोळीनं पोर गुंगीत राहील, सवय लागेल, असं सगळे म्हणतात. माझं काही चुकलं का? गोळी द्यावी का?
– एक आई

उत्तर : ताई, पाढे पाठ आहेत पण खूण न बघता वजाबाकी करतो, हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. एडीएचडी म्हणजे काय ते त्या एका वाक्यात आलं आहे. कळतं पण वळत नाही, असं आपण एखाद्याला चिडून म्हणतो. या मुलांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असतं. डबा घरी आणायचा असतो हे त्याला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. सकाळी विचारा, बरोबर सांगेल. पण शाळा सुटल्याची घंटा झाली, मित्र धावत सुटले, फाटकात रिक्षा दिसली, की त्याच क्षणी डबा आठवावा लागतो, पाय थांबवावे लागतात, मागे फिरून बाकाखाली हात घालावा लागतो. हे आवरण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि या मुलांत तो ते उशिरा शिकतो.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमधल्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूच्या अनेक स्कॅनची तुलना प्रसिद्ध केली. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी पूर्ण होत होती, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाच्या सुमारास. वाढीचा क्रम दोन्हीकडे तोच होता, पण एडीएचडीच्या मुलांत तिला उशीर होत होता, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. म्हणून मी पालकांना सांगते, अंगानं नऊ वर्षांचा असला तरी स्वतःला आवरण्याच्या बाबतीत त्याला सहा-सात वर्षांचा धरा. सहा वर्षांच्या मुलाच्या डब्याची जबाबदारी आपण त्याच्या एकट्यावर टाकत नाही.

मोबाईलचं कोडं जवळजवळ प्रत्येक घरात पडतं. लक्ष नाही म्हणता, मग तिथे कसं लागतं? त्याच्याकडे लक्ष आहे, पण ते हवं तिथे वळवणारा लगाम सैल आहे. मोबाईलच्या खेळात दर दोन-चार सेकंदांनी काहीतरी मिळतं, उजेड होतो, आवाज येतो, गुण वाढतात. तिथे लक्ष आपोआप ओढलं जातं. गणिताच्या वहीत बक्षीस उद्या मिळतं, नाहीतर सहामाहीला. उद्याच्या गोष्टीला या मुलांच्या मेंदूत फार थोडं वजन असतं. मोबाईलवर तासभर बसतो म्हणजे ढोंग करतो, असं कृपा करून कुणी म्हणू नका.

तुमचं काही चुकलेलं नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असतो. सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर असू शकतं. पण मिस्टर लग्नानंतर सुधारले, की त्यांच्या किल्ल्या, विजेची बिलं, सूतवाल्याची देणी लक्षात ठेवणारं माणूस घरात आलं, याचाही विचार करा. ते माणूस तुम्ही आहात. आता दोघांचं लक्षात ठेवता ठेवता तुम्ही थकला आहात, हे पत्रातून दिसतं.

फटक्यांबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. हे मिस्टरांना वाचून दाखवा. माझा धाकटा भाऊ असाच होता. सत्तरच्या दशकात आमच्या वाईत या गोष्टीला नाव असतं हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. एका उन्हाळ्यात त्यानं कृष्णेच्या घाटावर चपलांचे चार जोड हरवले. वडील पट्ट्यानं मारायचे आणि रात्री तो झोपला की त्याच्या पायांना खोबरेल लावायचे. प्रेम नव्हतं असं नाही. मारानं चपला हरवायच्या थांबल्या नाहीत, पण चौथ्या जोडापासून त्या 'चोरीला' जायला लागल्या. तो खोटं बोलायला शिकला, दुसरं काही शिकला नाही. पन्नाशीत एकदा तो मला म्हणाला, 'ताई, मला वाटायचं मी मुद्दामच करतो, कारण सगळे तसंच म्हणायचे.' हे ऐकल्यापासून माझ्या दवाखान्यात कुठलाही बाप 'मुद्दाम करतो' म्हणाला, की मी त्याला तिथेच थांबवते.

आता निदान. एडीएचडी दाखवणारी रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही. डॉक्टर विचारून, ऐकून, बघून ठरवतात. २०१३ पासून वापरात असलेल्या निकषांत लक्ष न लागण्याच्या नऊ खुणा आहेत आणि चंचलता-उतावीळपणाच्या नऊ. मुलांमध्ये दोन्हीपैकी एका गटातल्या किमान सहा खुणा सहा महिने तरी दिसाव्या लागतात, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या असाव्या लागतात, आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी आडव्या याव्या लागतात. फक्त शाळेत होत असेल तर आधी शाळेत काय चाललं आहे ते बघावं. डॉक्टरांनी बाईंकडून काही भरून घेतलं का, कान-डोळे तपासले का, रात्री घोरतो का ते विचारलं का, थायरॉइड, रक्तातलं लोह, मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहणं, याची चौकशी केली का? केली नसेल तर पुढच्या भेटीत तुम्ही विचारा. झोप न होणारं मूल आणि एडीएचडी असलेलं मूल सकाळी अकराच्या तासाला सारखंच दिसतं.

गोळीबद्दल. मी तुमच्या मुलाला बघितलेलं नाही, म्हणून द्या किंवा देऊ नका असं पत्रातून सांगणार नाही. पण निव्वळ भीतीपोटी चिठ्ठी कपाटात राहू नये, म्हणून जे ठाऊक आहे ते सांगते. तुम्ही चिठ्ठीतलं जे नाव लिहिलं आहे ते मिथाइलफेनिडेट. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लेआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं ते १९४४ मध्ये तयार केलं आणि बायकोच्या रिटा या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. उत्तेजक औषधानं चंचल मुलं स्थिरावतात हे तर त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवलं होतं. म्हणजे हे औषध नवं नाही आणि गुंगीचंही नाही, उलट जागं करणारं आहे. मेंदूचा जो भाग लगाम धरतो, तिथे डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं जरा जास्त वेळ टिकतात आणि पकड येते. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागू होते आणि चारेक तासांत उतरते, अंगात साठत नाही. मूल मलूल, गप्प, निर्जीव दिसायला लागलं तर मात्रा जास्त होते आहे, लगेच डॉक्टरांना सांगा.

त्रास होऊ शकतात ते असे : भूक मरते, विशेषतः दुपारची. झोप लांबते, पोट किंवा डोकं दुखतं, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. उंचीची वाढ किंचित मंदावू शकते, म्हणून दर भेटीला वजन-उंची मोजून लिहिली पाहिजे. मुलाला हृदयाचा काही त्रास असेल किंवा तुमच्या दोन्ही घराण्यांत कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर गोळी सुरू करण्याआधी ते सांगा. सकाळची न्याहारी गोळी लागू होण्याआधी भरपेट द्या, रात्रीचं जेवण गोळी उतरल्यावर. सवयीचं म्हणाल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत या मुलांना तिचं व्यसन लागत नाही. भलत्या माणसाच्या हाती तिचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून कायद्यानं तिच्यावर बंधनं आहेत आणि प्रत्येक दुकानात ती मिळत नाही. गोळ्या कपाटात, कुलपात ठेवा. आणि ही गोळी चालली नाही तर ॲटोमॉक्सेटिनसारखं वेगळ्या जातीचं औषध आहे, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

१९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा महिने वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे उपचार दिले. काळजीपूर्वक दिलेल्या औषधानं चंचलता आणि लक्षाच्या तक्रारी सगळ्यात जास्त कमी झाल्या. औषधाच्या जोडीला आईवडील आणि शिक्षकांना वागण्याचं प्रशिक्षण दिलं त्या गटाला मात्र कमी मात्रा पुरली. तीन वर्षांनी बघितलं तेव्हा गटांमधले फरक उरले नव्हते. मी त्यातून एवढंच घेते, की गोळी घेतली आहे तोवर चालते, चष्म्यासारखी. ती चालू असताना घरानं आणि शाळेनं काय बदललं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आता तुमच्या हातातलं. डब्याची आठवण सकाळी घरी देऊन उपयोग नाही. आठवण जिथे लागते तिथेच ती बांधून ठेवायची. दप्तराच्या चेनला लाल रिबीन बांधा. घरी खेळ म्हणून दहा वेळा सराव करा : तुम्ही ताटलीवर चमचा वाजवून घंटा करायची, त्यानं रिबिनीला हात लावायचा आणि 'डबा!' ओरडून तो आत टाकायचा. ज्या दिवशी डबा घरी येईल त्या दिवशी दारातच, चपला काढायच्या आधी, बरणीत दोन चिंचोके. दहा चिंचोके झाले की सायकलवर एक फेरी, किंवा बाबांबरोबर कारखान्यात अर्धा तास. नाही आला तर काही नाही, आणि मिळालेले चिंचोके परत काढून घ्यायचे नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी बक्षीस शिळं होतं, ते बदला.

सांगताना लांबून हाक मारू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच गोष्ट सांगा. 'हातपाय धू, कपडे बदल, गृहपाठ काढ' यातलं त्याला पहिलंच ऐकू येतं. अभ्यासाला टीव्हीच्या खोलीत बसवू नका, स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाट टाका. दहा मिनिटं काम, मग अंगणात दोन मिनिटं उड्या, पुन्हा दहा मिनिटं. आणि बाईंना विनंती करा, की डायरीत रोज एक तरी बरी गोष्ट लिहा. ती त्याच्यासमोर, मोठ्यानं, आजीला वाचून दाखवा.

प्रश्न : मी निवृत्त आहे, चिपळूणला असतो. नातू आठ वर्षांचा, त्याला हे एडीएचडी सांगितलं आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. गोड बंद करून ब्राह्मीचं सिरप चालू केलं तर गोळीची गरज पडणार नाही, असं मला वाटतं. आपलं मत?
– एक आजोबा

उत्तर : काका, तुमच्या वेळी होतं, नाव नव्हतं. जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १९०२ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं आहे, बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरता न येणारी. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १७९८ मध्ये, अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनी लक्ष न टिकण्याच्या जन्मजात त्रासाबद्दल लिहिलं होतं. तुमच्या वर्गातली अशी मुलं चौथी-पाचवीत शाळा सोडून शेतावर किंवा मुंबईला गेली असतील. दोघातिघांची नावं तुम्हाला आत्ताही आठवतील.

गोडाचं खूप ऐकू येतं. यावर झालेले नीट अभ्यास १९९५ मध्ये एकत्र तपासले गेले. साखरेनं मुलांचं वागणं बदलत नाही, असंच त्यातून निघालं. वाढदिवसाला मुलं उधळतात ती गर्दीनं आणि फुग्यांनी. दातांसाठी गोड जरूर कमी करा, एडीएचडीसाठी त्याच्या ताटातली पुरणपोळी काढून घेऊ नका. ब्राह्मी एडीएचडीवर औषधाची जागा घेईल असं म्हणण्याइतका पुरावा नाही. सिरप द्यायचंच असेल तर त्याच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, लपवून देऊ नका. त्याला तुमच्याकडून जे मिळू शकतं ते दुसरं आहे. रोज संध्याकाळी त्याला घेऊन चाला, धापा लागेपर्यंत पळू द्या, आणि रात्री ठरल्या वेळी दिवा बंद होईल हे बघा. व्यायाम आणि झोप यांचा फायदा त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात होतो, आणि या दोन्हींसाठी वेळ घरात बहुतेक तुमच्याकडेच आहे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवतो. वर्गात ३८ मुलं. त्यातला एक जागेवर बसतच नाही, उत्तर येत असलं तरी हात वर न करता ओरडतो, दुसऱ्यांच्या पाट्या ओढतो. मी त्याला कोपऱ्यात बसवलं, खेळाचा तास बंद केला, फरक पडला नाही. आईवडील ऊसतोडीला जातात, पोरगा आजीजवळ असतो. मला त्याचं वाईट वाटतं, पण बाकीच्या ३७ जणांचं काय करू? इथे जवळपास तज्ज्ञ नाही.
– एक शिक्षक

उत्तर : सर, हे पत्र लिहिलंत म्हणून मी तुमची आभारी आहे. अशा मुलाच्या आयुष्यात 'मला वाईट वाटतं' म्हणणारा एक शिक्षक भेटला तर काय होतं, हे मी बघितलं आहे.

आधी एक साधी गोष्ट करा, हजेरीपटात त्याची जन्मतारीख बघा. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांना एडीएचडीचं लेबल जास्त लागतं, हे कॅनडा, तैवान अशा बऱ्याच देशांत दिसलं आहे. सहा-सात वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. दुसरं, आईवडील ऊसतोडीला गेले त्या महिन्यांत हे वाढतं का, ते आठवून बघा. ज्याची आई दिवाळीच्या सुमारास जाते आणि उन्हाळ्यात परत येते, ते मूल अस्वस्थ असायला दुसरं कारण लागत नाही. आई गावात असतानाही असाच असेल, पहिलीतही असाच होता असं आधीच्या बाई सांगत असतील, तर मात्र एडीएचडीचा विचार करायला हवा.

खेळाचा तास बंद करू नका. याला तर तो इतरांपेक्षा जास्त लागतो, तो गेला की पुढचे दोन तास तुमचेच जातात. कोपराही नको. तुमच्या टेबलाजवळ, पहिल्या रांगेत, दार-खिडकीपासून दूर, दोन शांत मुलांच्या मध्ये बसवा. त्याला उठायचंच आहे, मग उठायचं काम द्या : फळा पुसणं, वह्या वाटणं, ऑफिसातून खडू आणणं, मुख्याध्यापकांकडे निरोप. पुण्यात एका शिक्षिकेनं मला सांगितलं होतं, की काहीच निरोप नसेल त्या दिवशी त्या शेजारच्या वर्गात कोरी चिठ्ठी पाठवायच्या, तिथल्या बाई ती वाचल्यासारखं करून 'शाब्बास' म्हणून परत पाठवायच्या. पोरगं येऊन शांत बसायचं.

वीस गणितं एकदम देऊ नका. पाच द्या, तपासा, पुढची पाच. ओरडून उत्तर दिलं तर तिकडे बघू नका, हात वर केला की त्याच क्षणी त्याचं नाव घ्या, पहिले काही दिवस दर वेळी. त्याची आणि तुमची एक खूण ठरवा, तुम्ही टेबलावर बोट वाजवलं की त्यानं पाटीकडे बघायचं, वर्गाला कळणार नाही अशी. बाकीच्या ३७ जणांचं म्हणाल, तर छोटे तुकडे, फळ्यावर लिहिलेल्या सूचना, मधूनमधून उभं राहून म्हटलेले पाढे, याचा त्यांना तोटा नाही.

तज्ज्ञ नाही म्हणता, पण दार अगदीच बंद नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक तुमच्या शाळेत तपासणीला येतं. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक येईल त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही हे बघा, आणि तुम्ही बघितलेलं एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. 'खोडकर आहे' असं लिहू नका. 'एका तासात आठ वेळा उठला, पाचपैकी दोन गणितं पूर्ण केली' असं लिहा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तुमच्याच जिल्ह्यात आहे. आजीला फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आणखी एक. अशा बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही असते आणि दंग्यात ती झाकली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती बहुधा अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यावर मिळतात. तो तिसरी-चौथीत गेला की वाचन तपासून घ्या. एडीएचडी सांगितलं म्हणून तपासणी तिथेच थांबवू देऊ नका.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलीचं एडीएचडीचं निदान झालं, तेव्हा भरायला दिलेला फॉर्म मी वाचत गेले आणि रडायला लागले. प्रत्येक प्रश्न माझ्याबद्दल होता. मी कधी दंगा केला नाही, मागच्या बाकावर गप्प बसायचे. आई मला 'वेंधळी' म्हणायची, अजून म्हणते. दोन डिप्लोमे अर्धवट, विजेचं बिल पैसे असून दंडासकट भरते, ऑफिसात रात्री बसून दिवसाचं काम उरकते. नवरा म्हणतो, आता प्रत्येकालाच एडीएचडी असतो. मोठ्यांना हे असतं का? आईला सांगू का?
– एक वाचक

उत्तर : असतं. शंभर मोठ्या माणसांत दोघा-तिघांना असतं असा अंदाज आहे. चंचलता वयाबरोबर कमी होते, लक्षाची आणि वेळेची ओढाताण पुष्कळांत राहते. मुलींमध्ये बऱ्याचदा पहिल्यापासून चंचलता दिसतच नाही, आणि जी मुलगी कुणाला त्रास देत नाही तिच्याबद्दल डायरीत कुणी लिहीत नाही.

ही चूक मीसुद्धा केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पाटणच्या बाजूची एक आई सातवीतल्या मुलीला घेऊन आली होती. खिडकीबाहेर बघत बसते, सांगितलेलं विसरते, एवढीच तक्रार. मी म्हटलं, स्वप्नाळू आहे, मोठी झाली की होईल ठीक. पंधरा वर्षांनी ती मुलगी एकटी आली, नोकरी सुटलेली, स्वतःवरचा विश्वास पार गेलेला. फाईलमध्ये माझ्याच अक्षरात 'काळजीचं कारण नाही' असं होतं. तेव्हापासून गप्प मुलींना मी दुप्पट वेळ देते.

तुमच्या नवऱ्यांना सांगा, विसरणं सगळ्यांनाच असतं, हे खरं आहे. फरक किती आणि कधीपासून यात असतो. सतरा वर्षांच्या पुढच्या माणसांत पाच खुणा पुरतात, पण त्या बाराव्या वर्षाआधीच्या असाव्या लागतात आणि त्यांनी नोकरी, घर, नाती यांत अडवलेलं असावं लागतं. याशिवाय थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, चिंता आणि झोप तपासावी लागते, कारण त्या सगळ्यांत लक्ष उडतं. बरेचदा वर्षानुवर्षं 'वेंधळी' ऐकून आलेलं नैराश्य आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असतात, आणि दोन्हींवर उपचार लागतात. मोठ्यांचे उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडेच जा. मुलीची गोळी घेऊन बघू नका, एकदासुद्धा नाही.

तोवर, जे काम लक्षात ठेवायला लागतं ते लक्षात ठेवायचं कामच काढून टाका. बिलं खात्यातून आपोआप जाऊ द्या. किल्लीला दाराशी एकच खिळा, दुसरी जागा नाही. तुमच्यासारख्या माणसांना दोनच वेळा कळतात, आत्ता आणि नंतर. म्हणून 'शुक्रवारपर्यंत' या कामाचे तुकडे करून आजच्या तारखेचा तुकडा वेगळ्या कागदावर, कीबोर्डवरच ठेवा. कंटाळवाणं काम दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून करा. ती व्यक्तीही आपलं काम करत बसेल, बोलायचं नाही. मुलीचा गृहपाठ आणि तुमचे तक्ते एकाच टेबलावर, एकाच गजरावर होऊ शकतात.

आईला सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. पण निदानासाठी तुमच्या बाराव्या वर्षाआधीची माहिती लागणारच आहे, आणि ती तिच्याकडेच आहे. लगेच 'मला एडीएचडी आहे' म्हणू नका. आधी विचारा, मी दुसरी-तिसरीत कशी होते, काय काय हरवायचे, डबा घरी यायचा का. तिच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची प्रगतिपुस्तकं असतील, त्यांत वर्गशिक्षकांनी शेऱ्यात काय लिहिलं आहे ते दोघी मिळून वाचा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती सोबत न्या.